उभ्या प्रतलात फिरणारा दांडा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वस्तू उभी आहे. काही वेळा ती आडवी असते, आणि बहुतांश वेळ ती उभी व आडवी यांच्या मध्ये कुठेतरी असते. तिला काय म्हणावे याबद्दल गल्लीत तीव्र मतभेद आहेत. ती वस्तू मी बसवली असल्यामुळे सर्व बाजू निःपक्षपातीपणे मांडणे हे मी माझे कर्तव्य समजतो. दुसऱ्या कोणाला त्या मांडण्याची इच्छा नाही, हेही एक कारण आहे.

मी वजने आणि मापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. दुकानदाराचा तराजू खरे बोलतो की नाही, हे ठरवणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे कोणी ‘साधारण एवढे’ असे म्हटले की माझ्या कपाळाला आठी पडते. माझ्या पत्नीच्या मते ती आठी आता कायमची झाली आहे. पत्नी शाळेत इतिहास शिकवते, आणि कोणत्याही आपत्तीची पूर्वचिन्हे तिला आपत्ती येऊन गेल्यावर अचूक दिसतात.

ही आपत्ती मोठ्या रस्त्यावरच्या टोलनाक्यापासून सुरू झाली. नाक्याच्या अलीकडे डावीकडे वळावे, आमच्या गल्लीतून जावे आणि नाक्याच्या पलीकडे पुन्हा मोठ्या रस्त्याला लागावे, म्हणजे टोल वाचतो, हा शोध प्रथम कोणी लावला ते कळलेले नाही. विज्ञानाच्या इतिहासात अनेक महत्त्वाचे शोध असेच निनावी राहिले आहेत. परिणाम मात्र असा झाला, की ज्या गल्लीत कुत्रीसुद्धा रस्त्याच्या मधोमध झोपत, तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्यांची रीघ लागली. कुत्री समजूतदार निघाली. ती शेजारच्या गल्लीत राहायला गेली.

नानांना तसे जाता येईना. नाना म्हणजे माझे वडील. आमची इमारत गल्लीच्या तोंडाशीच आहे. गल्लीच्या पलीकडे, आमच्या फाटकाच्या बरोबर समोर, एक निवृत्त शिंपी राहतात. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. नाना रोज दुपारी इस्त्रीचा सदरा घालून मास्तरांकडे बुद्धिबळ खेळायला जात. खेळायला म्हणजे समोरासमोर बसून आधी एकमेकांच्या चालींची आणि मग एकमेकांच्या चालचलणुकीची निंदा करायला. नानांचा उजवा गुडघा त्यांच्या मताने चालतो. गल्ली ओलांडायला त्यांना जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्यात पुढची गाडी येते. हे मी खिडकीतून घड्याळ लावून तपासले. तपासण्याची गरज नव्हती, पण सवय.

एका दुपारी नाना सदरा घालून रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभे राहिले. मग परत आले, सदरा खुंटीला अडकवला आणि “उद्या बघू” म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. मी हात धरून पलीकडे नेण्याची तयारी दाखवली. नानांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

“तू धरून नेणार? मला? तुला शाळेत मी धरून न्यायचो, आणि तू रडायचास.”

मास्तरांना इकडे येता येत नव्हते, कारण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. गाडी निघून गेली की त्यांना ती आल्याचे कळे. अर्धवट राहिलेला डाव त्यांच्या ओटीवर मांडलेलाच होता आणि सोंगट्या हलू नयेत म्हणून त्यावर त्यांनी अस्तराचे कापड टाकले होते. चाल फोनवर सांगा, असे मी सुचवले. नाना म्हणाले, तो माणूस मोतीबिंदूचे निमित्त करून माझा वजीर हलवेल. मग एके दिवशी दुपार झाली तरी त्यांनी सदऱ्याकडे पाहिलेच नाही. त्या संध्याकाळी पत्नी मला म्हणाली, “तुम्ही जगाचे तराजू तपासता. घरासमोरचा रस्ता तेवढा थांबवून दाखवा.”

मी सोसायटीची सभा बोलावली.

गल्लीच्या तोंडाशी काहीतरी बसवून बाहेरच्या गाड्या थांबवाव्यात, यावर पहिल्या पाच मिनिटांत एकमत झाले. उरलेली संध्याकाळ त्या काहीतरीला काय म्हणावे यात गेली. सेक्रेटरी त्याला बॅरियर म्हणत होते. तळमजल्यावरचे दंतवैद्य बार म्हणाले, आणि लोक हसल्यावर रागावले. ड्रायव्हिंग स्कूल चालवणारे शेजारी टोलचा दांडा म्हणत. वरच्या मजल्यावरच्या काकूंचे म्हणणे होते की आपल्या लहानपणी रेल्वेपाशी होते ते फाटक, आणि जे लहानपणी फाटक होते ते आता दुसरे काही कसे होईल. नाना अडसर म्हणाले. मास्तरांना सभेला येणे शक्य नव्हते, पण त्यांनी समोरच्या खिडकीतून ओरडून आडणा हा शब्द पाठवला. नानांनी त्याच वाटेने उत्तर पाठवले, की आडणा दाराला असतो, रस्त्याला नसतो, आणि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या विजारींना काजे केली त्याने भाषेत पडू नये. बऱ्याच दिवसांनी नानांचा आवाज चढलेला ऐकून मला बरे वाटले. मी उठून सांगितले की शब्द कोणताही घ्या, वस्तू तीच राहते. हे विधान भौतिकशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष होते. नगरपालिकेच्या दृष्टीने ते किती चुकीचे होते, हे मला पुढच्या आठवड्यात कळले.

नगरपालिकेत प्रत्येक शब्दाला वेगळी खिडकी आहे. पहिल्या खिडकीवर मी फाटक म्हटले. फाटक असेल तर कुंपण असले पाहिजे, कुंपणाचा नकाशा आणा, असे उत्तर मिळाले. दुसरीकडे मी अडथळा हा शब्द वापरला. तिथल्या बाईंनी सहानुभूतीने मान हलवली आणि सांगितले की आपल्याकडे अडथळे हटवण्याचा विभाग आहे, बसवण्याचा नाही. पण बसवून झाला की जरूर कळवा, लगेच हटवू. तिसऱ्या खिडकीवर ‘टोलसारखे’ एवढे उच्चारताच कारकुनाने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला आणि असल्या भानगडीत चांगल्या घरच्या माणसाने पडू नये असा सल्ला दिला. नाका या शब्दाला स्वतंत्र खोली होती. जकात बंद होऊन बराच काळ लोटला होता, पण खोली बंद करण्याचा हुकूम काढायचे राहून गेले होते. आत एक गृहस्थ बसले होते. त्यांच्याकडे कोणी येत नसल्यामुळे त्यांनी मला चहा पाजला, मुलीच्या परीक्षेची हकिगत सांगितली आणि परवानगी सोडून सर्व काही दिले.

गल्लीत सल्ल्यांचा तुटवडा नव्हता. कोणीतरी ओळखीचे गाठा, असे सेक्रेटरींनी सांगितले. दंतवैद्यांच्या मते आधी बसवावे आणि मग विचारावे; दात काढताना ते तसेच करतात. काकूंनी मला मऊ बोलायला सांगितले. या सर्व सल्ल्यांत एक समान दोष होता: त्यांत विचारपद्धती नव्हती. अडचण जर शब्दांची असेल तर शब्दच वगळावा आणि व्याख्या द्यावी, या निष्कर्षाला मी आलो. अर्जात मी लिहिले: ‘एका खांबावर आडव्या आसाने खिळलेला, दोन्ही टोके मोकळी असलेला, दोन्ही बाजूंचा भार समतोल असलेला, उभ्या प्रतलात वर-खाली फिरणारा, लाल-पांढऱ्या रंगाचा दांडा; हेतू: गल्लीतील रहिवाशांचे कल्याण.’ हे वाक्य लिहून झाल्यावर मला जे समाधान वाटले, ते मी इथे मोजून सांगू शकत नाही.

पत्नीने अर्ज वाचला आणि परत दिला. हे वाचून मला काहीतरी वेगळेच डोळ्यांसमोर येते, असे ती म्हणाली. काय येते, असे मी विचारले.

“सांगत नाही. तुम्ही वाद घालाल.”

परवानगी आश्चर्यकारक वेगाने आली. ती उद्यान विभागाकडून आली होती. मुलांच्या खेळण्याचे साहित्य या सदराखाली आम्हाला एक सी-सॉ मंजूर झाला होता.

मी तडक उद्यान विभागात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने माझे म्हणणे शांतपणे ऐकले, माझाच अर्ज उघडला आणि माझ्याच वाक्यावर बोट ठेवले. “आसावर फिरतो ना? दोन्ही टोकं मोकळी ना? वर-खाली होतो ना? मग साहेब, सी-सॉ आणखी वेगळा काय असतो?”

मी पूर्ण प्रामाणिकपणे विचार केला. वेगळा नसतो.

परवानगी परत करावी, असे मला तत्त्वतः वाटत होते. पत्नीने एवढेच सांगितले, की तत्त्व घेऊन नाना रस्ता ओलांडू शकत नाहीत. मी परवानगी ठेवून घेतली. तिच्यासोबत अटी होत्या. सी-सॉला कडी, कुलूप किंवा खिटी बसवू नये, कारण मुले अडकतात. दोन्ही बाजूंना वाळू असावी, कारण मुले पडतात. आणि बारा वर्षांवरील व्यक्तींनी वापरू नये, असा फलक ठळक अक्षरांत लावावा. वाळू दुसऱ्याच दिवशी आली. ट्रकवाल्याने ती गल्लीच्या तोंडाशी ओतली आणि त्या दिवशी एकही गाडी आत येऊ शकली नाही. आमच्या संपूर्ण प्रकल्पाचा यशस्वी म्हणावा असा तो एकमेव दिवस. संध्याकाळी सेक्रेटरींनी माणसे लावून वाळू नीट पसरवून घेतली.

दांडा बसवायला आलेल्या वेल्डरने एकच सूचना केली: मागच्या बाजूला वजन जरा कमी ठेवा, म्हणजे दांडा आपोआप खाली पडून राहील. मी ती सूचना नम्रपणे फेटाळली. अर्जात समतोल असे लिहिले होते, आणि ज्या माणसाने हयातभर लोकांच्या तराजूंना नावे ठेवली त्याने स्वतःच्या दारात झुकता दांडा लावायचा, हे मला मान्य नव्हते. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट भरून मी प्रतिभार तयार केला. अखेरचे काही ग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून घातले. पत्नीने तो काटा नंतर चिमट्याने उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला, आणि तो अजून तिथेच आहे.

दांडा बसला. मी त्याला बोटाने स्पर्श केला. तो हलला आणि जिथे सोडला तिथे थांबला. वर नेला, वर थांबला. खाली आणला, खाली थांबला. मध्ये सोडला तर मध्ये तरंगत राहिला. याला उदासीन समतोल म्हणतात. पाठ्यपुस्तकात तो सपाट जमिनीवरच्या चेंडूने समजावतात. एवढ्या मोठ्या आकारात तो साधलेला मी तरी पाहिला नव्हता. माझे डोळे किंचित पाणावले. मागे उभे असलेले दंतवैद्य म्हणाले, “पण मग हा थांबवणार कोणाला?”

प्रश्न अस्थानी नव्हता. कडी लावायला मनाई होती, आणि समतोल इतका निर्दोष होता की कोणताही गाडीवाला एका बोटाने दांडा वर करून आत येऊ शके. लोक तसे येऊ लागले. दांडा उचलून ते पुढे जात आणि तो त्यांनी सोडला त्या उंचीवर राही, त्यामुळे तो दिवसभर वेगवेगळ्या कोनांत दिसे. दाढदुखी घेऊन दंतवैद्यांकडे आलेला एक रुग्ण कपाळाचे टेंगूळ घेऊन परत गेला. एक कावळा दांड्याच्या टोकावर बसू लागला. त्याच्या वजनाने दांडा सावकाश खाली येई, आणि कावळा शेवटपर्यंत अंगावरचे पीसही न हलवता खाली येत असे. गल्लीत एक कुजबुज सुरू झाली, की नियमाप्रमाणे चालणारा एवढाच एक प्राणी आपल्याकडे आहे.

सर्वांत मोठा घाव ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी घातला. टोलनाक्यावर कसे थांबावे याचा सराव आता मोठ्या रस्त्यावर न जाता होऊ शकतो, हे त्यांच्या लक्षात आले. दुपारी त्यांच्या शिकाऊ गाड्या ओळीने गल्लीत येऊ लागल्या. दांडा खाली दिसला की थांबायचे, वर झाला की निघायचे, असा त्यांचा धडा होता. म्हणजे गाड्या कमी करण्यासाठी बसवलेल्या वस्तूने गाड्या वाढल्या. हे निरीक्षण मी कोणाला सांगितले नाही. सगळ्यांनी ते मला सांगितले.

 नाना मात्र खिडकीत बसून ऐकत. येणारा प्रत्येक जण दांड्याला आपल्या शब्दाने हाक मारी: ‘काका, गेट घ्या वर’, ‘अहो, दांडी उचला’, ‘नाका चालू आहे का’, ‘ही झडप कुणाची’. प्रत्येक शब्दाला नाना मान हलवून नापसंती दर्शवत. समोरच्या खिडकीत मास्तरही ऐकत असावेत, कारण कोणीतरी एकदा आडणा म्हणाले तेव्हा पलीकडून विजयाचे खाकरणे ऐकू आले. पण दुपारचा सदरा खुंटीलाच राहिला. दांडा बसल्यावर आपला मुलगा काहीतरी करून दाखवील असे नानांना वाटले असणार. आता त्यांनी तेही सोडून दिल्यासारखे दिसत होते, आणि माझ्या दुखावलेल्या अभिमानापेक्षा ते मला जड जात होते.

अखेर दंतवैद्यांनी उद्यान विभागाकडे तक्रार केली. सी-सॉ मुलांच्या उपयोगात नसून रुग्णांच्या डोक्याला लागतो, असे तिचे स्वरूप होते. पाहणीला अधिकारी येणार आणि उपयोग आढळला नाही तर दांडा उपटून नेणार, असा निरोप आला. दंतवैद्य जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, मनावर घेऊ नका. जबडा बधिर करताना ते याच आवाजात बोलतात.

पाहणीचा दिवस सुट्टीचा होता. दुपारी मी नानांच्या शेजारी खिडकीत उभा होतो. दांडा वर होता. कावळा आला, टोकावर बसला आणि नेहमीप्रमाणे अत्यंत सभ्यपणे खाली आला. पलीकडच्या खांबाला दांडा टेकवायला मी लोखंडी खोबण केली होती. दांडा तिच्यात बसला, कमरेच्या उंचीवर, गल्लीच्या या काठापासून त्या काठापर्यंत. नेमकी तेव्हाच एक शिकाऊ गाडी आली. चालवणाऱ्या बाईंनी धड्यात सांगितल्याप्रमाणे दांड्यापाशी गाडी थांबवली, आणि ती बंद पडली. त्यांनी ती सुरू केली. ती पुन्हा बंद पडली. मागे टेम्पो थांबला, त्याच्यामागे मोटारी, आणि पाहता पाहता रांग मोठ्या रस्त्यावर लांबपर्यंत गेली. गल्ली दांड्याच्या पलीकडे संपूर्ण रिकामी होती.

मी शेजारी पाहिले तर नाना नव्हते. खुंटीवर सदराही नव्हता.

मी खाली पोहोचेपर्यंत ते फाटकाबाहेर आले होते. सदऱ्याचे वरचे बटण लावायचे राहिले होते. त्यांनी रांगेकडे पाहिले, दांड्याकडे पाहिले, मग दोन्ही हात दांड्यावर ठेवले आणि एक पाऊल टाकले. कावळा उडाला. दांडा खाली टेकलेला असल्यामुळे त्यांचा भार त्याने व्यवस्थित घेतला. त्यांनी हात सरकवला आणि दुसरे पाऊल टाकले.

तेवढ्यात टेम्पोचा ड्रायव्हर उतरून दांड्याच्या टोकाकडे निघाला. त्याने एक बोट लावले असते तर माझा निर्दोष समतोल नानांच्या हातांसकट आकाशाकडे गेला असता. मी शिकाऊ गाडीच्या पुढून धावत पलीकडे गेलो आणि त्याच्या आधी दांड्याच्या टोकावर पोट टेकवून ओणवा पडलो. त्या अवस्थेत मी त्याला थांबायची विनंती केली. त्याने मला विचारले की मी शुद्धीवर आहे का. मी विचार करून हो म्हटले.

रांगेच्या बाजूने एक गृहस्थ स्कूटर ढकलत पुढे आले. त्यांच्या काखेत फाईल होती. मी पोटावर असूनही उद्यान विभागाचा अधिकारी ओळखला. त्यांनी फलक वाचला, बारा वर्षांवरील माझ्याकडे पाहिले, आणि मग रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेल्या नानांकडे पाहिले.

“आजोबा, हे काय आहे?”

“कठडा,” नाना म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. पावलाकडे लक्ष होते. “जरा थांबा. होतंय माझं.”

अधिकारी थांबले. टेम्पोवाला थांबला. शिकाऊ गाडीतल्या बाईंनी गाडी सुरू करण्याचा प्रयत्नच सोडून दिला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. नाना एकेक हात सरकवत गेले. शेवटी ते माझ्यापाशी पोहोचले, माझ्या पाठीला वळसा घालून पुढे गेले आणि जाताना म्हणाले, “उठू नकोस. यायचंय परत.”

अधिकाऱ्यांनी फाईल मिटली. कठड्याला परवानगी लागत नाही, असे त्यांनी मला सांगितले. वृद्ध आणि आजारी यांच्या सोयीसाठी आधाराला काही लावले, तर ते कोणत्याच विभागाकडे येत नाही. मग तक्रारीचे काय, असे मी खालूनच विचारले. ते म्हणाले, तक्रार सी-सॉबद्दल आहे, आणि त्यांना जागेवर सी-सॉ आढळला नाही. त्यांनी तसे लिहिले, स्कूटर वळवली आणि निघून गेले. जाताना फलक काढून टाका म्हणाले, उगाच लोकांचा गोंधळ होतो.

मास्तरांच्या ओटीवर अस्तराचे कापड दूर सारल्याचे दिसले. आता काहीतरी हृदयस्पर्शी बोलणे होईल, या अपेक्षेने मी कान दिला.

“चाल माझी आहे,” मास्तर म्हणाले.

“तुझी कशी? माझी होती. आणि माझा वजीर इथे नव्हता.”

“मला काय दिसतंय? मला तर मोतीबिंदू आहे.”

पुढचे मला ऐकू आले नाही, कारण शिकाऊ गाडी अखेर सुरू झाली होती आणि पुढे जाण्यासाठी हॉर्न वाजवत होती. मी हलू शकत नव्हतो. समोर आमच्या खिडकीत पत्नी उभी होती.  तिच्या दृष्टीने हा आता इतिहास झाला होता. टेम्पोवाल्याने एव्हाना माझ्या शेजारी टेकून बिडी पेटवली होती. माझ्याकडे बराच वेळ पाहून त्याने आदराने विचारले, मी टोलवाला आहे का.

“नाही,” मी म्हणालो. “मी वजन आहे.”

त्याने मान डोलावली आणि, दांडा हलू नये म्हणून, तोही थोडा रेलला.